खालच्या आळीची बारी

ढवळ्यांपैकी कुणी आमच्या अंगणात खाली बसल्याचं त्या दिवसापर्यंत मी पाहिलं नव्हतं. माठ घ्यायला आले तर दारात उभे राहायचे, काठीच्या टोकानं दोन-चार माठ वाजवून बघायचे आणि मग गडी पाठवून न्यायचे. धैर्यशील ढवळे मात्र सरळ आत आला, चाकाशेजारच्या ओल्या मातीची फिकीर न करता पोत्यावर बसला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "महिपतीदादा, दोन मडकी पाहिजेत. एका मापाची. तोंडं अशी बारीक करा, की आत टाकलेली वस्तू हात घालून काढता येऊ नये."

महिपतीला त्याआधी ढवळ्यांतल्या कुणी दादा म्हटलं नव्हतं. त्यांची शेंबडी पोरंसुद्धा त्याला 'ए महिपा' म्हणायची. माझा नवरा त्या एका शब्दावर विरघळला. मडकी कशाला, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. मी विचारलं.

"मतदानाला, वहिनी," धैर्यशील म्हणाला. "पंचायतीचे मेंबर बारीनं निवडायचे की मतानं, हे गाव ठरवणार आहे."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. आमच्या गावात पंचायतीची निवडणूक अशी कधी झालीच नव्हती. जेवढ्या जागा तेवढेच अर्ज भरायचे, म्हणजे सगळे बिनविरोध. अर्ज कुणी भरायचा ते आधी भैरवनाथाच्या देवळात ठरायचं. नऊपैकी सहा जागा ढवळ्यांच्या थोरल्या आणि धाकट्या आळीत जायच्या. उरलेल्या तिनांतली एक माळ्यांची, एक बौद्धवाड्याची आणि एक आमच्या खालच्या आळीची. खालची आळी म्हणजे कुंभार, परीट, न्हावी, सुतार अशी मिळून तीसेक घरं. आमच्या जागेवर कोण बसणार हे आमची आळी ठरवायची आणि ती जागा घराघरातून फिरायची. त्याला आम्ही बारी म्हणायचो. धैर्यशीलच्या आजोबांनी तसा शब्द देवासमोर दिलेला होता, त्यामुळे ढवळ्यांना त्यात नाक खुपसता येत नसे. गावात आमचं म्हणून एवढंच होतं.

त्या वर्षी बारी आमच्या घराची होती. सासरे तिची वाट बघत बघत गेले. आणि नव्या कायद्यानं नेमकी ती जागा मागासवर्गातल्या बाईसाठी राखीव निघाली. आळी आमच्या अंगणात जमली आणि तिनं माझं नाव ठरवलं. मी दहावी झालेली, माहेर कराडकडचं, तोंडानं फटकळ. रेशनचा घोळ असो की शाळेच्या दाखल्याचा, आळीतले लोक भांडायला मलाच पुढं करायचे. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही.

मला ती जागा एकाच कारणासाठी पाहिजे होती. आमचा आवा. रस्त्याच्या कडेला गायरानाचा एक तुकडा होता, तिथं कुंभारांची मडकी पिढ्यान्‌पिढ्या भाजली जात होती. कागद नव्हता, उतारा नव्हता. राखेचा ढीग हाच काय तो पुरावा. तो तुकडा घेऊन तिथं पंचायतीचं मंगल कार्यालय काढायचं आणि पुढं दुकानांचे गाळे, असं ढवळ्यांच्या मनात होतं. आमच्या धुरानं म्हणे गावाला खोकला येत होता. आव्याला दुसरी जागा दाखवली होती ती वर माळावर, जिथं पाणी नाही आणि मडकी घेऊन उतरायला धड वाट नाही. ठराव दोनदा आला आणि दोनदा अडला. गायरानाला हात लावायचा तर ठराव एकमतानं पाहिजे, असं तालुक्याच्या साहेबाचं म्हणणं होतं आणि आमच्या आळीचा मेंबर दर वेळी नाही म्हणायचा. त्या खुर्चीत बसून एवढंच करायचं होतं. नाही म्हणायचं. त्यात मला कुणी हरवलं नसतं.

आणि आता हा धैर्यशील आमच्या पोत्यावर बसून सांगत होता की बारी बंद झाली पाहिजे. पुण्याला वकिली शिकून आलेला, गोरागोमटा, बोलायला गोड. कोण कुठल्या घरात जन्मला यावरून मेंबर ठरतो, ही काय लोकशाही झाली का, असं त्यानं विचारलं. या एका गोष्टीवरून चुलत्याशी, म्हणजे तात्यासाहेबांशी, बोलणं टाकलंय असंही सांगितलं. तात्यासाहेब ढवळे म्हणजे गावाचे कारभारी. सरपंच कुणीही असो, पान त्यांच्याशिवाय हलत नसे.

मी म्हटलं, "आमची तीस घरं आणि तुमची दीडशे. मतं मोजायला लागलात तर आमचं काय व्हायचं?"

"वहिनी, तुमची जागा राखीव आहे. ढवळ्यांची बाई तिथं अर्जच भरू शकत नाही. मग तुमच्याविरुद्ध उभं राहणार कोण? येणार तुम्हीच. फक्त गावाच्या उपकारानं नाही, हक्कानं याल."

वाक्य चांगलं होतं. पुढं आठवडाभर महिपती ते भेटेल त्याला ऐकवत होता.

माझी थोरली जाऊ गोदाक्का तेव्हा कोपऱ्यात माती तुडवत होती. दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माती चाळणं, तुडवणं, आवा रचणं, घरातलं सगळं जड काम तिच्या अंगावर होतं आणि ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. किंबहुना ती काहीच बोलून दाखवत नसे. धैर्यशील जाताना तिच्यापुढं वाकला, तशी ती पाय मागं घेऊन भिंतीला चिकटली. विधवेच्या पाया पडणारा ढवळे बघून मलाही घटकाभर वाटलं, पोरगा खरंच वेगळा दिसतोय.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी तात्यासाहेब स्वतः आमच्या आळीत आले. ते कधी येत नसत. काही काम असलं तर बोलावून घेत. परटाच्या घरासमोरच्या लिंबाखाली उभे राहिले, आळी गोळा झाली. बायका दारातून बघत होत्या, मी मात्र पुढं जाऊन उभी राहिले.

तात्यासाहेब इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. "बारी आहे तोवर तुम्हाला खुर्ची आहे," ते म्हणाले. "उद्या मतं मोजायची झाली तर तुमच्या तीस घरांना विचारतो कोण? तुमचा मेंबरसुद्धा मग आम्हीच ठरवू, आणि तुम्ही आमच्या दारात येऊन उभे राहाल. माझं ऐका. मत बारीच्या मडक्यात टाका आणि गप घरी जावा."

मग त्यांची नजर भिकू न्हाव्यावर गेली. "काय रं भिकू, डोकी भादरायची सोडून तुला बी लोकशाही पाहिजे व्हय?" असं म्हणून ते हसले, त्यांच्याबरोबरचे दोघं हसले आणि ते निघून गेले.

भिकूचं तोंड एवढंसं झालं. आळी आतून पेटली होती. आमच्या आळीची एक खोड होती. तात्यासाहेबांच्या तोंडावर 'व्हय जी' म्हणायचं आणि पाठ फिरली की बरोबर उलटं करायचं. पोरांना पुढं शिकवून काय दिवे लावणार, असं ते म्हणाले की आळी पोरांना हायस्कुलात घालायची. सरकारी दवाखान्यात मरायला जाता का, म्हणाले की आळी तिथंच जायची. बहुतेक वेळा त्यात आमचं भलंच झालं होतं. त्यामुळे तात्या नको म्हणतोय म्हणजे त्यात आपला फायदा आहे, हे आळीच्या हाडामासात मुरलं होतं.

"म्हातारा घाबरलाय," नामदेव परीट म्हणाला. "खुर्ची हलाय लागली म्हणून इथवर आला. न्हाईतर आपल्या आळीत कशाला फिरकतोय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बोलणारा कितीही वाईट असला तरी तीस आणि दीडशे हे आकडे काही बदलत नाहीत, असं म्हटलं. आज आपला मेंबर आपण ठरवतो, उद्या तो दुसऱ्यांच्या मतांवर ठरेल, असंही म्हटलं. घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. नामदेवनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, राग मानू नगा. पर औंदा बारी तुमच्या घराची हाय. तुमी तसंच म्हणणार."

हे मला लागलं. आजही लागतं. ज्यांची बारी होऊन गेली होती त्यांना ती पुन्हा यायला एक जन्म जायचा होता, हे मला दिसत होतं. पण त्यांनी मलाच मतलबी ठरवलं. घरी आल्यावर महिपतीही फुगून बसला. आळीसमोर मी त्याची शोभा केली म्हणे. एवढा शिकलेला पोरगा स्वतःच्या चुलत्याशी भांडतोय आपल्यापायी, आणि तू त्या म्हाताऱ्याची री ओढतीस, असं म्हणून तो चाकावर जाऊन बसला आणि त्यानं ती दोन मडकी घडवायला घेतली. इतकी सुबक मडकी त्यानं माझ्या बघण्यात कधी केली नव्हती.

मतदान देवळाच्या मंडपात झालं. एका मडक्याला गेरूचा पट्टा, ते बारीचं. दुसऱ्याला चुन्याचा, ते मताचं. पुढं पडदा. प्रत्येकाच्या हातात एकेक चिंचोका द्यायचे आणि पडद्याआड सोडायचे. बायकांनाही बोलावलं होतं. गावाच्या कारभारात बायकांना कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मी माझा चिंचोका गेरूच्या मडक्यात टाकला आणि बाहेर येऊन तसं सांगितलंही. महिपतीनं तोंड फिरवलं.

गुरवानं दोन्ही मडकी पांढऱ्या धोतरावर ओतली, तेव्हा मोजायचीही गरज पडली नाही. चुन्याचा ढीग केवढा तरी मोठा होता. तात्यासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं, "झालं तुमच्या मनासारखं" असं म्हणाले आणि कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. त्यांची ती उतरलेली मान बघून आमची आळी नाचली. भिकू न्हाव्यानं गुलाल आणला. नामदेवनं धैर्यशीलला खांद्यावर घेतलं. गोदाक्का खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक दातात धरलेलं. तिला मी म्हटलं, आक्का, चला घरी, आपल्याला काही यात आनंद नाही. ती माझ्यामागून निमूट आली.

पुढं खरी निवडणूक लागली. मी अर्ज भरला. आमच्या वॉर्डात आमची आळी आणि ढवळ्यांची अख्खी धाकटी आळी होती. शेवटचा दिवस येईपर्यंत माझ्याविरुद्ध कुणाचा अर्ज नव्हता आणि महिपती मला सारखा विचारत होता, बघ, कोण बरोबर निघालं? मलाही वाटायला लागलं होतं की मी उगीच जिवाला घोर लावून घेतला.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तहसील कचेरीच्या आवारात चहा पीत उभे होतो, तेव्हा धैर्यशीलची जीप आली. पुढच्या सीटवरून गोदाक्का उतरली. नवं कोरं हिरवट लुगडं, हातात कागदाची सुरळी. सकाळी ती भावाकडे जाते म्हणून घरातून निघाली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. धैर्यशील तिला आत घेऊन गेला. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती.

महिपतीनं चहा तिथंच ठेवला. तो धैर्यशीलकडं धावत गेला. "दादा, कायतरी चुकलंय. अर्ज हिचा हाय की. थोरल्या वहिनीचा न्हाई."

"चुकलं काय त्यात, महिपा?" धैर्यशील जीपमध्ये बसता बसता म्हणाला. "जागा तुमच्याच घरात राहतेय. थोरल्या सुनेचा मान आहे तो."

'महिपतीदादा'मधला दादा गळून पडला होता. माझ्या नवऱ्याला ते कळलं की नाही देव जाणे. तो बराच वेळ जीप गेली त्या रस्त्याकडे बघत उभा होता.

घरी आलो तर गोदाक्का जुनं लुगडं नेसून माती चाळत बसलेली. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं वर न बघता सांगितलं, "आत्ता काय बी इचारू नगंस." आणि मी खरंच विचारलं नाही. रागानं मी चुलीकडं वळले. मतदानापर्यंत आम्ही एका घरात, एका चुलीवर रांधत राहिलो. एक उमेदवार भाकरी थापायची, दुसरी उमेदवार कालवण करायची. कामापुरतं बोलायचो.

मी धाकट्या आळीत दारोदार फिरले. कुणी वाईट वागलं नाही, हे सांगितलं पाहिजे. पाणी दिलं, कुंकू लावलं, बरं म्हणाले. त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं. गोदाक्का कुठंच फिरली नाही. तिला गरज नव्हती.

आता आमची आळी जागी झाली. नामदेव, भिकू आणि आणखी दोघं तात्यासाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. मला बोलवायला आले होते, मी गेले नाही. काय झालं ते भिकूनं येऊन सांगितलं. चुकलं, बारी परत सुरू करा, अशी त्यांनी विनवणी केली. तात्यासाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, मी तुमच्या आळीत येऊन सांगितलं होतं की नाही? आता गावानं देवळात ठरवलंय. गावाचा शब्द मोडणारा मी कोण?

मी पडले. आमच्या आळीतली जवळजवळ सगळी मतं मला होती, हे पेटी उघडल्यावर मागाहून कळलं. त्याचं काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नाही. गोदाक्काला धाकट्या आळीनं निवडून दिलं. तिच्या गळ्यात हार घालायला तात्यासाहेब स्वतः आले, आणि धैर्यशील त्यांच्या पायाशी वाकला. चुलता-पुतण्याचं भांडण मिटलं म्हणून गावाला आनंद झाला.

पंचायतीच्या दुसऱ्या का तिसऱ्या बैठकीत गायरानाचा विषय आला. मी कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. ग्रामसेवकानं ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर गेला. गोदाक्का शेवटच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. तिचा हात मांडीवरच होता. मी मनात म्हणत होते, राहू दे तिथंच, आक्का, फक्त राहू दे. तात्यासाहेब नुसते खाकरले. तिचा हात वर गेला, पुरता नाही, कोपरापर्यंतच. पण तेवढा पुरला. ग्रामसेवकानं लिहिलं, एकमतानं मंजूर.

जागा रिकामी करायला त्यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. शेवटचा आवा रचायला आम्ही दोघीच गेलो. महिपती आला नाही. अंग मोडून आलंय म्हणून तो घरात पांघरूण घेऊन पडून राहिला होता, आणि मी त्याला उठवलंही नाही. सकाळची वेळ होती. आम्ही खाली गोवऱ्यांचा थर दिला, त्यावर मडकी मांडत गेलो. बायका बायका असं काम करायला बसल्या की काहीतरी बोलतात. आम्ही बोलत नव्हतो. अर्धा आवा रचून झाला आणि मला राहवेना.

"हात का वर केलात, आक्का?"

"ज्यांनी निवडून आणलं त्येंचं ऐकाया नगं?"

"आपलं पोट गेलं त्यात."

"ठाव हाय. माझं बी गेलं की." ती गोवऱ्या लावत राहिली. "आन् एक सांगते. मला कुणी निवडून दिलं न्हाई. तुला पाडलंय. मी शाळा शिकले न्हाई, पर एवढं कळतंय मला."

मी विचारलं, "तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?"

"तात्यासाब आळीत यिऊन बोलून गेले न्हवं, त्येच्या आधी. गहू निवडाय म्हणून बोलावलं हुतं घरी. पुतण्या बी हुता तिथंच. दोघं एका पंगतीत जेवत हुते."

माझ्या हातातलं मडकं मी खाली ठेवलं. सगळं मला त्या एका वाक्यात कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याचाच जास्त संताप आला. भांडण नव्हतंच. देवासमोर दिलेला शब्द ढवळ्यांना मोडायचा होता आणि तो त्यांच्या हातानं मोडता येत नव्हता, म्हणून तो आमच्या हातानं मोडून घेतला. आणि म्हातारा लिंबाखाली उभा राहून एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. तुमचा मेंबर आम्ही ठरवू, तुम्ही आमच्या दारात याल, सगळं सांगून गेला होता. त्यानं सांगितलं म्हणजे आम्ही उलटंच करणार, याची त्याला खात्री होती. खोटं बोलून माणसं फसवतात हे मला ठाऊक होतं. खरं सांगून अख्खी आळी फसवता येते हे मला माहीत नव्हतं.

"म्हणजे मी तिथं घसा फोडून सांगत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"आणि तुम्ही दारात उभ्या राहून ऐकत होता."

"व्हय."

"का आक्का? काय दिलं त्यांनी तुम्हाला? एक लुगडं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

"त्येंनी मला इचारलं. 'गोदाबाई, हुबी राहशील का?' आसं इचारलं. लगीन हून ह्या घरात आले तवापासनं मला कुणी काय इचारलं न्हवतं. आपल्या घराची बारी आली तवा समदी आळी आपल्या अंगणात बसली हुती. थोरली सून मी. समद्यास्नी चा मीच दिला. तुझं नाव ठरलं. आळीनं न्हाई इचारलं, भावजींनी न्हाई इचारलं. तू तरी म्हणालीस का, की आक्काला इचारा?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"म्हणाले असते," गोदाक्का म्हणाली. "तूच बस म्हणाले असते. पर इचारायचं हुतं."

तिनं लेपाची घमेली ओढून घेतली. मी पाचट पसरलं, तिनं त्यावर राखमातीचा लेप दिला, नेहमीसारखा नीट, कुठं भेग न ठेवता. मी तिच्याकडं बघत होते आणि मला तिची दया येत नव्हती. लोक म्हणतात, कारण कळलं की राग जातो. माझा गेला नाही. तिचं सगळं बरोबर होतं आणि तरी आमची जागा गेली होती.

आमच्या घरात आव्याला पहिली काडी थोरली बाई लावते. सासूबाई गेल्या तेव्हा नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली होती, विधवेनं लावू नये म्हणाल्या होत्या. मीच त्यांच्याशी भांडून काडेपेटी गोदाक्काच्या हातात दिली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक आवा तिनंच पेटवला होता. त्या सकाळीही तिनं लेपाचे हात लुगड्याला पुसले आणि काडेपेटीसाठी माझ्यापुढं हात धरला.

मी काडी ओढली आणि आवा स्वतःच पेटवला.